रातकिड्याची पावडर आणि व्हेचा डबा

नेदरलँड्समधल्या आमच्या आइंडहोव्हनच्या घरात ओट्यावरच्या फळीवर चार महिने दोन वस्तू शेजारी शेजारी बसल्या आहेत. एक काळा डबा, दोन हातांनी उचलावा लागतो असा, त्यावर दंड फुगवलेल्या माणसाची सावली. तो मुलाचा, व्हे प्रोटीनचा. दुसरी खाकी कागदाची छोटी पिशवी, तिच्यावर एक हिरवं पान आणि अगदी कोपऱ्यात, लाजत लाजत काढल्यासारखा एक रातकिडा. ती माझी.

ही पिशवी मी हौसेने आणलेली नाही. गेल्या नोव्हेंबरात ओल्या पानांवरून सायकल घसरली आणि डावं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाडांची घनता तपासली, हाडं विरळ होत चाललीत असं कळलं. वय ५३, त्यामुळे आश्चर्य कुणालाच वाटलं नाही, एक मला सोडून. फिजिओथेरपीवाली मुलगी माझ्या निम्म्या वयाची. तिने वजनं उचलायला लावलं आणि विचारलं, दिवसाला प्रोटीन किती खाता? मी म्हटलं, आमच्याकडे रोज वरण असतं. ती हसली नाही. आठवडाभर खाल्लेलं सगळं लिहून आणायला सांगितलं. लिहिलं, आणि माझं मलाच तोंड दाखवायला जागा राहिली नाही. ५८ किलो वजनाला तिच्या हिशोबाने दिवसाला ७० ग्रॅमच्या आसपास हवं, माझं भरत होतं ४५. पातळ वरणाच्या वाटीत पाच-सहा ग्रॅम असतं, बाकी हळद आणि श्रद्धा.

मटण-चिकन मी लग्नाआधीच सोडलंय. अंडी आणि मासे खाते, तेही गुरुवार आणि एकादशी सोडून. म्हणजे रोजची २५ ग्रॅमची तूट पावडरीनेच भरायची होती. मुलाचा डबा घरात होताच. पण नवऱ्याने आणि मी तो आठवडाभर प्यायल्यावर नवऱ्याच्या पोटाने बंड केलं. गॅस, गुडगुड, रात्री उठून येरझाऱ्या. दूध त्याला पहिल्यापासून बाधतं, दही चालतं. मग शोधाशोध केली, तेव्हा रातकिड्याच्या पावडरीपर्यंत पोचले. त्यात लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा, प्रश्नच नाही.

पुढे जाण्याआधी एक कबुली. दुधाच्या बाबतीत मी निःपक्षपाती नाही. माझे वडील सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या आमच्या गावी दूध संस्थेचे सचिव होते. सकाळ-संध्याकाळ संकलन, कॅनांचा खणखणाट, आणि कोपऱ्यात फॅटचं मशीन. काचेच्या नळीत ॲसिड, त्यावर दूध, त्यावर अमाइल अल्कोहोल, बूच लावून हलवायचं, नळी इतकी तापायची की फडक्यात धरावी लागायची. मग मशीनमध्ये नळ्या लावून हाताने गरगर फिरवायच्या. लॅक्टोमीटरवर डिग्री बघायची. कुणी पाणी घातलं की डिग्री पडायची, आणि जरा हुशार माणूस ती परत वर आणायला काय काय घालायचा, अगदी युरियासुद्धा. वडील म्हणायचे, दूध डोळ्यांनी बघायचं नसतंय, नळीत बघायचं असतंय. ही सवय मला लागली ती लागलीच. डब्यावर काय छापलंय यापेक्षा ते मोजलं कसं, हे मी आधी विचारते. या परीक्षणात चवीइतकंच ते येणार आहे, कंटाळा आला तर तो भाग ओलांडून स्वयंपाकावर जा.

व्हे म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. श्रीखंडासाठी दही टांगलं की खाली पातेल्यात पिवळसर निवळी साठते, तिचीच ही सख्खी बहीण. आई ती कणकेत घालायची, उरली तर म्हशीच्या घमेल्यात. इथे चीजच्या कारखान्यात तेच मोठ्या मापावर चालतं. १० लिटर दुधाचं साधारण १ किलो चीज होतं आणि ९ लिटर निवळी उरते. दुधातल्या प्रोटीनपैकी ८० टक्के केसीन, ते चीजमध्ये जातं, उरलेलं २० टक्के या पाण्यात. एकेकाळी हे पाणी नदीनाल्यात किंवा डुकरांपुढे ओतत. आता बारीक छिद्रांच्या पडद्यांतून गाळून, गरम हवेच्या झोतात सुकवून त्याची पावडर करतात. लिटरभर निवळीत प्रोटीन जेमतेम ६ ग्रॅम, म्हणजे मुलगा सकाळी शेकर खडखडवत जो एक स्कूप पितो तो ४ लिटर निवळीचा अर्क. माझ्या आईने म्हशीला किती स्कूप पाजले असतील, देव जाणे.

रातकिड्याचं काम वेगळं. युरोपात खाण्यासाठी जो वाढवतात तो घरगुती रातकिडा. ३० अंशांच्या आसपासच्या उबदार खोल्या, त्यांत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावलेले, खायला धान्याचा भरडा. साधारण सहा आठवड्यांत तो पुरा वाढतो. मारण्याआधी २४ तास उपाशी ठेवतात, आतडं रिकामं व्हावं म्हणून, आपल्याकडे कोलंबीचा काळा धागा काढतात त्याचंच हे घाऊक रूप. मग गोठवतात, उकळत्या पाण्यातून काढतात, सुकवतात, दळतात. पाय, पंख, कवच, सगळं आत. युरोपियन संघाने २०२१ मध्ये पिवळ्या पीठकिड्याच्या अळीला पहिली परवानगी दिली, त्याच वर्षी टोळाला, २०२२ मध्ये या रातकिड्याला आणि २०२३ मध्ये आणखी एका छोट्या अळीला. त्या शेवटच्या अळीला इथल्या बाजारात ‘बफेलो’ म्हणतात. का म्हणतात विचारू नका, पण सांगलीच्या मुलीला ते वाचून जरा बरं वाटतं.

आता चव.

पिशवी उघडली तेव्हा मी घाबरले होते आणि घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. रंग गव्हाच्या जाड कोंड्याचा, जरा राखाडीकडे झुकणारा. वास पहिल्यांदा भाजलेल्या जवसाचा, मग सुक्या मशरूमचा, आणि अगदी शेवटी, नाक आत घातलं तर, सुकटीचा. सुकट फार लांबून, शेजारच्या घरात भाजत असावेत इतक्या लांबून. नवरा कोकणातला, त्याने पिशवीत नाक घालून डोळे मिटले आणि म्हणाला, ‘अगं, हे चांगलं आहे.’ मुलगा दारातूनच परत फिरला.

पहिली चूक मी केली ती म्हणजे ती व्हेसारखी पाण्यात ढवळून प्यायले. कृपा करून असं करू नका. ती विरघळत नाही. तुम्ही ढवळता, ती गोल गोल फिरते, तुम्ही थांबलात की तळाला बसते, आणि शेवटचा घोट म्हणजे ओढ्याच्या काठची वाळू. केळं आणि कोको घालून मिक्सरमधून काढलं तर पिता येतं, पण मग कोकोची चव लागते आणि आपण हे का करतोय असा प्रश्न पडतो. पेय म्हणून या पावडरीला मी १० पैकी २ गुण देईन, त्यातला एक प्रामाणिकपणाचा.

व्हे पेय म्हणूनच जन्माला आलंय. गार पाण्यात किंवा दुधात टाका, आठ-दहा वेळा हलवा, झालं. वरती फेस येतो तेवढाच. त्याचं दुखणं वेगळं: गोडी. मुलाने पहिल्यांदा आंब्याचा स्वाद मागवला होता, कंपनीचं नाव घेत नाही. तो आंबा हापूस नव्हता, केशर नव्हता, पायरी तर नव्हताच, तो खोकल्याच्या औषधातला आंबा होता. सुक्रालोज या कृत्रिम गोडव्याची गोडी जिभेवर अर्धा तास मुक्काम करते. त्यानंतर आम्ही बिनस्वादाचं घ्यायला लागलो. त्याला दुधाच्या पावडरीची सौम्य चव असते आणि ते ताकात चक्क छान लागतं, जिरं-मीठ घालून. पण गरम चहात टाकलंत तर फुटतं. एकदा मी शहाणपणाने उकळत्या कढीत दोन चमचे घातलं, कढीत पनीरसारखे चिवट दाणे झाले, आणि ती कढी ‘नवीन पदार्थ आहे’ म्हणून वाढावी लागली. घालायचंच असेल तर गॅस बंद करून, वाफ गेल्यावर.

थालीपिठाच्या पिठात मात्र पारडं उलटं झुकतं. व्हे घालून केलेलं थालीपीठ तव्यावर छान दिसतं आणि खाताना चपलेच्या पट्ट्यासारखं लागतं. रातकिड्याची पावडर भाजणीत अशी मिसळते की जणू तिथलीच. भाजणीत ज्वारी, बाजरी, डाळी, धणे सगळं भाजलेलंच असतं, त्यात हा एक भाजका वास कुणाच्या लक्षात येत नाही. पाच वाट्या भाजणीला अर्धी वाटी, यापेक्षा जास्त नको. एक वाटी घातली तेव्हा थालीपीठ थापताना चिरा पडायला लागल्या आणि खाल्ल्यावर घशाशी कोरडं कोरडं वाटत राहिलं. पाणी नेहमीपेक्षा जरा जास्त लागतं. वरून कांदा, कोथिंबीर, तीळ, भोकात तेल. मुलाने तीन खाल्ली. मग मी सांगितलं. त्याने चौथं मागितलं नाही, पण तिसरं टाकलंही नाही.

दुसरी जागा सुक्या चटण्यांची. जवस, शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, मीठ, आणि त्यात दोन चमचे पावडर खलबत्त्यात कुटून. इतकी बेमालूम की चटणी खाताना मी स्वतः विसरते. झुणक्यात बरी, पिठल्यात नको, पिठलं काळवंडतं. शिऱ्यात एकदा घातली होती, त्याविषयी न बोललेलं बरं.

आता नळीत बघू.

माझ्या पिशवीवर लिहिलंय, १०० ग्रॅममध्ये प्रोटीन ६५ ग्रॅम. फॅट १८. तंतू ६. व्हेच्या डब्यावर प्रोटीन ७८, फॅट ७, बाकी बहुतेक लॅक्टोज. बघणारा म्हणेल, चला, ६५ आणि ७८, उन्नीस-बीसचाच फरक. इथे मला वडिलांच्या नळ्या आठवतात.

प्रोटीन कुणी थेट मोजत नाही. मोजतात नायट्रोजन. १८८३ मध्ये कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केल्डाल नावाच्या माणसाने ही रीत बसवली. पदार्थ सल्फ्युरिक ॲसिडमध्ये उकळायचा, नायट्रोजन सुटा करून मोजायचा. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणायचं, की झालं प्रोटीन. हिशोब सोपा आहे आणि त्यात भोकही मोठं आहे. नायट्रोजन प्रोटीनमधूनच आला की दुसरीकडून, हे त्या ॲसिडला कळत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन मिसळलं गेलं ते याच भोकातून. मेलामाइनमध्ये दोन-तृतीयांश नायट्रोजन. चाचणीत दूध एकदम सकस. सुमारे ३ लाख बाळं आजारी पडली, सहा गेली. आमच्या गावचा युरियावाला त्यापुढे संत म्हणायचा, पण खोड तीच.

रातकिड्यात कुणी काही मिसळत नाही. त्याच्या अंगातच कायटिन असतं, म्हणजे कवचाचं द्रव्य, आणि त्या कायटिनमध्ये नायट्रोजन असतो. तो प्रोटीन नाही, आपल्या स्नायूंच्या काही कामाचा नाही, पण ६.२५ च्या गुणाकारात प्रोटीन म्हणून उभा राहतो. वाखेनिंगनच्या कृषी विद्यापीठात २०१७ मध्ये तीन जातींच्या अळ्यांवर हे तपासलं, तेव्हा ६.२५ ऐवजी ४.७६ हा आकडा योग्य निघाला. अळीचा आकडा रातकिड्याला जसाच्या तसा लावता येत नाही, पण गडबड त्याच दिशेची. समजा ५ ने गुणलं, तर माझ्या पिशवीतले ६५ चे ५२ होतात. पिशवीवाला खोटं बोलत नाही हेही सांगायला हवं. युरोपच्या लेबलाच्या नियमातच ६.२५ लिहिलंय, तो नियम पाळतो. वडिलांच्या भाषेत, डिग्री बरोबर आहे, दूधच वेगळं आहे.

व्हेवाले या बाबतीत धुतल्या तांदळासारखे आहेत असं समजू नका. अमिनो ॲसिडं म्हणजे प्रोटीन ज्यांचं बनतं त्या विटा, त्यांतही नायट्रोजन असतो; तिथे ग्लायसिन, टॉरिनसारखी स्वस्त सुटी अमिनो ॲसिडं घालून आकडा फुगवायची युक्ती जुनी आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरींची तपासणी काही डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली, त्यांतल्या सुमारे ७० टक्क्यांवरचा प्रोटीनचा आकडा चुकीचा होता, काहींत छापल्याच्या निम्मंच निघालं. पुण्याच्या भाच्यांनो, ‘मावशी, कुठला डबा घेऊ’ म्हणून विचारत असता ना, आधी डब्यामागची घटकांची यादी वाचा. तिथे व्हे सोडून ग्लायसिन, टॉरिन असं काही सुटं लिहिलेलं दिसलं तर डबा परत फळीवर.

बरं, पोटात गेलेलं स्नायूला किती लागतं? इथून ट्रेनने तासाभरावर मास्ट्रिख्ट आहे. तिथल्या विद्यापीठात २४ धडधाकट तरुणांना व्यायामानंतर ३० ग्रॅम प्रोटीन दिलं, निम्म्यांना दुधाचं, निम्म्यांना त्या बफेलो अळीचं, आणि पुढचे काही तास स्नायूंत नवं प्रोटीन किती बनतं ते मोजलं. २०२१ मध्ये निकाल आला: फरक नाही. हे वाचून मी खूश झाले. मग लक्षात आलं, ते तरुण होते, पुरुष होते, आणि ३० ग्रॅम म्हणजे सगळ्यांनाच भरपूर. माझ्या वयात स्नायूला जागं करायला ल्यूसिन नावाचं अमिनो ॲसिड जास्त लागतं असं फिजिओवाली सांगते. व्हेच्या २५ ग्रॅम प्रोटीनमध्ये ल्यूसिन अडीच ग्रॅमच्या पुढे, रातकिड्याच्या तेवढ्यातच पावणेदोनच्या आसपास. डेन्मार्कमध्ये २०१८ मध्ये रक्तात अमिनो ॲसिडं किती चढतात ते तपासलं होतं, तिथेही व्हे पुढे आणि कीटक सोयाबीनच्या बरोबरीला. म्हणजे सोयाबीनइतकं चांगलं आहे, वाईट नाही. पण सोयाबीनचे चंक्स मला इथल्या भारतीय दुकानात फार स्वस्त मिळतात.

पैशांचा हिशोब मी पाकिटावरच मांडलाय. रातकिड्याची २५० ग्रॅमची पिशवी मला १९ युरोला पडली, व्हेचा १ किलोचा डबा ३२ ला. छापील आकडे खरे धरले तर रातकिड्याच्या प्रोटीनचा ग्रॅम पावणेबारा सेंटला, व्हेचा चार सेंटला. कायटिन वजा केलं तर साडेचौदा. माझी २५ ग्रॅमची तूट व्हेने भरली तर महिन्याला ३१ युरो, रातकिड्याने भरली तर ११० च्या आसपास. शिवाय २५ ग्रॅम खऱ्या प्रोटीनसाठी रोज पाऊण वाटी पावडर पोटात घालावी लागेल. तेवढी थालीपिठं कुणी थापायची?

कोळंबी बाधणाऱ्यांनी हा पुढचा परिच्छेद दोनदा वाचावा. रातकिडा आणि कोळंबी नात्यातले आहेत, दोघांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं सारखंच प्रोटीन असतं. कोळंबी-खेकड्याची किंवा धुळीतल्या माइट्सची ॲलर्जी असेल तर याचीही रिॲक्शन येऊ शकते. पिशवीवर तसं छापलेलं असतं, कायद्यानेच छापावं लागतं, पण थालीपिठावर काही छापता येत नाही. माझे धाकटे दीर फेब्रुवारीत आले होते. त्यांना कोळंबीच्या नुसत्या वासाने अंगावर गांध्या उठतात. त्यांच्या मुक्कामात ती भाजणी मी डब्यासकट कपाटात कुलपाआड ठेवली आणि तवा दोनदा घासला. भिशीला, शाळेच्या डब्यात, पाहुण्यांना हे न सांगता कधीही देऊ नका. गंमत म्हणूनही नको. मुलाला मी आधी न सांगता खाऊ घातलं, ते त्याला कोळंबी पचते हे माहीत होतं म्हणून. तरी ते चुकलंच.

पर्यावरणाचं काय, असं मैत्रिणी विचारतात, कारण पिशवीवर ते हिरवं पान आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या २०१३ च्या अहवालातला आकडा सगळे देतात: रातकिड्याचं १ किलो वजन वाढायला पावणेदोन किलोच्या आतबाहेर खाद्य, बीफला त्याच्या कितीतरी पट. मान्य. पण मी बीफ सोडून रातकिडा खात नाहीये, मी निवळी सोडून रातकिडा खातेय. निवळी चीजच्या मागून आपोआप येते. तुलना त्या दोघांची करायला हवी आणि ती पिशवीवर कुणी करत नाही. दुसरीकडे, गाईंचा भार या देशाला खरंच झेपत नाहीये हेही रोज दिसतं. शेणमुताच्या अमोनियातून निघणाऱ्या नायट्रोजनवरून २०१९ मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने सरकारी योजना रद्द केली, शेतकरी ट्रॅक्टर घेऊन सरकार बसतं त्या हेगला गेले, हायवे तुंबले, त्या दिवशी नवरा ऑफिसातून तीन तासांनी घरी आला. डच लोक ‘स्टिकस्टॉफ’ म्हणतात तोच हा नायट्रोजन. वडिलांच्या नळीतून निघाला आणि इथल्या निवडणुकीपर्यंत पोचला. मला या प्रश्नाचं उत्तर माझ्या चमच्याने देता येणार नाही, म्हणून मी त्याला गुण दिले नाहीत.

आईला सांगायचं नाही असं ठरलं होतं. व्हिडिओ कॉलवर मुलानेच सांगितलं. आई काही क्षण बोललीच नाही. मग म्हणाली, ‘किडं खायला गेलीस व्हय गं एवढ्या लांब?’ मी सांगितलं की मध मधमाशीचा, रेशीम किड्याचं, लाल गोळ्यांवरचा एक रंगही किड्याचाच, बस्तरमध्ये लाल मुंग्यांची चटणी करतात, ओडिशाच्या मयूरभंजमधल्या तसल्याच चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिने सगळं ऐकून घेतलं. ‘ते त्यांचं बरोबर हाय,’ म्हणाली, ‘त्यास्नी ती चटणी आईनं शिकिवली. तुला कुणी शिकिवली?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘आणि रातकिडं कपडे कुरतडत्यात,’ हेही तिने जाता जाता सांगितलं.

तर सध्या असं चाललंय. रोजची तूट मी व्हेनेच भरते, बिनस्वादाचं, ताकात, व्यायामाच्या दिवशी. नवऱ्यासाठी आता आयसोलेट, म्हणजे आणखी गाळून काढलेलं व्हे, आणतो, त्यात लॅक्टोज अगदी थोडं राहतं, किलोमागे सात-आठ युरो जास्त जातात आणि रात्रीच्या येरझाऱ्या थांबल्या आहेत. म्हणजे ज्या कारणासाठी रातकिडा घरात आला ते कारण उरलं नाही. तरीही दुसरी पिशवी मागवली. प्रोटीन म्हणून नाही, भाजणीचा जिन्नस म्हणून, ओव्याशेजारी. व्हेला माझ्याकडून १० पैकी ८, दोन गुण त्या आंब्याने खाल्ले. रातकिड्याच्या पावडरीला प्रोटीन म्हणून ४, जवसाच्या चटणीत ८.

आईने फोन वडिलांकडे दिला तेव्हा ते ८१ वर्षांचे सचिव एवढा वेळ मागे बसून सगळं ऐकत होते. त्यांनी किळस, धर्म, पर्यावरण काहीच काढलं नाही.

‘फॅट किती लागली?’

मी पिशवी उलटी करून बघितली. ‘अठरा.’

पलीकडे शांतता. मग आईकडे वळून म्हणाले, ‘अठरा म्हणतीया. आपल्या संस्थेत एका म्हशीला कधी दहाच्या वर लागली न्हाई.’ आणि परत माझ्याकडे, ‘दर काय देत्यात?’